दारावरच्या ‘स्टॅग नॉट अलाउड’बद्दल उत्पादन शुल्क मंत्र्यांना खुले पत्र

मा. राज्य उत्पादन शुल्क मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

जूनमध्ये ठाण्यातल्या एका लाउंजने आम्हा समलिंगी आणि ट्रान्स लोकांचा सप्तरंगी झेंडा लावून ‘सगळ्यांचं स्वागत’ अशी जाहिरात केली होती. गेल्या शनिवारी त्याच दारावरून तीन गे जोड्यांना परत पाठवलं. कव्हर, म्हणजे आत जायचे पैसे, आगाऊ भरलेलं, मनगटाला प्रवेशाचे पट्टे बांधून झालेले. तेवढ्यात मॅनेजर बाहेर आला, ‘कपल म्हणजे लेडीज-जेंट्स’ म्हणाला आणि बाउन्सरने कात्रीने पट्टे कापले. तो पट्टा हाताने फाटत नाही आणि एकदा चिकटला की पुन्हा लावता येत नाही. कापला, की त्या रात्रीचे पैसे बुडाले. जोडीमागे तीन हजार.

याच्याशी आपल्या खात्याचा संबंध आहे. ही जागा एफएल-३, म्हणजे बसून दारू पिण्याच्या जागेच्या परवान्यावर चालते. तो परवाना आपल्या यंत्रणेतून मिळतो आणि नूतनीकरणाला तिच्याकडेच येतो. परवान्याला अटी असतात. आमची मागणी त्यात एक अट वाढवण्याची आहे: लिंग किंवा सोबतचा जोडीदार पाहून कोणालाही दारावरून परत पाठवता येणार नाही, आणि हे मराठीत दाराशी लावलेलं असेल.

दारावर काय चालतं ते सांगतो. पहिला प्रश्न, किती जण? दोन पुरुष म्हटलं की ‘स्टॅग’. स्टॅगला एकतर प्रवेश नाही, नाहीतर प्रत्येकाकडून जोडप्याइतकं कव्हर. मग ओळखपत्र, कारण बिअर आणि वाइनला २१ वर्षं लागतात, कडक दारूला २५. तारीख बघून कार्ड परत द्यायचं असतं. पण ट्रान्स व्यक्तीच्या आधारवरचं जुनं नाव सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं जातं. पुढे झडतीच्या दोन रांगा, एक पुरुषांची, एक बायकांची. तिने कुठे उभं राहायचं हे बाउन्सर ठरवतो. आत गेल्यावर शेजारच्या टेबलावरून कोणीतरी रील काढतं, आणि दोन दिवसांत ती कोणाच्या ऑफिसात, कोणाच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोचते. कॅमेऱ्यावर चिकटवायला साधा स्टिकर दिला तरी हे थांबतं. तेवढंही कोणी करत नाही.

आणि पिणाऱ्याचा परवाना! विदेशी दारू प्यायला गिऱ्हाइकाकडे स्वतःचा परवाना लागतो. एक दिवसाचा ५ रुपयांना मिळतो. बारवाल्याने तो फाडून हातात द्यायचा असतो. बहुतेक ठिकाणी देत नाहीत. तपासणी आली की गुन्हेगार मात्र गिऱ्हाईक. आमच्या बाबतीत त्यापुढे पोलिसाचं एक वाक्य येतं: ‘घरी कळवू का?’ महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ११० आणि ११७ खाली असभ्य वर्तनाला दंड आहे १२०० रुपयांपर्यंत. तो कोणीही भरेल. माणूस घाबरतो त्या फोनला. म्हणून कोणी दहा हजार देतो, कोणी पंधरा. समोरचा खरा पोलीस आहे की तोतया, हे विचारायची त्या वेळी छाती होत नाही.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आम्हाला मोकळं केलं. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, मनोरंजनाच्या जागा यांत लिंगावरून अडवू नये असं स्वच्छ लिहिलंय. पण अडवलं तर शिक्षा काय? ट्रान्स व्यक्तींसाठी निदान २०१९ चा कायदा आहे. दोन गे पुरुषांसाठी, दोन लेस्बियन बायकांसाठी काहीच नाही. पोलिसांकडे जा, ते म्हणतात मालकाचा हक्क. मालक ‘राइट्स ऑफ अ‍ॅडमिशन रिझर्व्ड’ची पाटी दाखवतो. उत्पादन शुल्कवाले म्हणतात, आम्ही फक्त बाटल्या मोजतो. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी लग्नाच्या प्रश्नावर न्यायालयाने संसदेकडे बोट दाखवलं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक खिडकीवर हेच ऐकतोय, की पुढच्या खिडकीवर जा. आम्ही कर भरतो, मत देतो आणि खिडक्या मोजतो.

२०११ च्या जनगणनेत ठाणे १८ लाखांचं शहर होतं, नवी मुंबई ११ लाखांची. या दोन शहरांत आमच्या हक्काचा एक बार दाखवा. नाही, म्हणून पोरं मुंबई गाठतात. दीडला बार बंद होतो, शेवटची लोकल त्याआधीच गेलेली असते, पहिली चारच्या सुमारास. मधले अडीच तास स्टेशनबाहेर काढायचे, नाहीतर वाशीची खाडी ओलांडायला रिक्षा-टॅक्सीवाला मागेल ते द्यायचं. ज्याने नट्टापट्टा केलाय तो बाटलीतल्या पाण्याने काजळ धुऊन मगच गाडीत बसतो.

ठाणे, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. पनवेल, खारघर रायगडमध्ये. म्हणजे दोन जिल्हाधिकाऱ्यांना एक परिपत्रक. पुढच्या नूतनीकरणाआधी ते निघणार की नाही, याचं लेखी उत्तर द्या. आणि त्या सहा जणांचे पैसे परत मिळवून द्या.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतले काही गिऱ्हाईक