अध्यक्ष हटवाच, पण मतदारयादीही बघा

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी कराड तालुक्यातल्या एका तालमीत पोरांना कुस्ती शिकवतो. क्रीडा संघटनेतल्या गैरकारभाराची तक्रार तुमच्याकडे येते तेव्हा बहुतेक वेळा एकच मागणी असते, अध्यक्ष हटवा. हटवाच. पण तेवढ्यावर फाईल बंद करू नका, हे सांगायला पत्र लिहितोय.

फिफाचं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचं बघा. मे 2015 मध्ये झुरिकच्या हॉटेलातून फुटबॉलच्या बड्या पदाधिकाऱ्यांना पोलिसांनी उचललं. त्यानंतर दोनच दिवसांनी सभासदांनी सेप ब्लाटर यांना पाचव्यांदा अध्यक्ष केलं! पुढे ब्लाटर पायउतार झाले, 2016 मध्ये इन्फान्टिनो आले, सुधारणांचे नियमही आले. आणि 2017 मध्ये गैरप्रकारांची चौकशी आणि निवाडा करणाऱ्या नीती समितीचे दोन्ही प्रमुख, बोर्बेली आणि एकर्ट, यांना घरी बसवलं. शेकडो प्रकरणं अजून हातात आहेत, असं ते तेव्हा सांगत होते.

आपल्या कुस्तीत तरी वेगळं काय झालं? जानेवारी 2023 मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया हे मल्ल दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसले. भारतीय कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण सिंह यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप झाले, त्यांना बाजूला व्हावं लागलं. डिसेंबरात नव्या अध्यक्षासाठी निवडणूक झाली. त्यांचे निकटवर्तीय संजय सिंह यांना 40 मतं, राष्ट्रकुल सुवर्णविजेत्या अनिता श्योराण यांना 7. मतं राज्य संघटनांच्या प्रतिनिधींची. जे मल्ल मॅटवर उतरतात, त्यांना मल्ल म्हणून मतच नाही. त्याच दिवशी साक्षीनं बूट टेबलावर काढून ठेवले आणि कुस्ती सोडली. मला ते अजून बघवत नाही.

महाराष्ट्रात 2022 मध्ये कुस्तीगीर परिषद, म्हणजे कुस्तीची राज्य संघटना, बरखास्त झाली आणि दोन गट पडले. नोव्हेंबर 2023 मध्ये धाराशिवला एक महाराष्ट्र केसरी झाला, पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला दुसरा. खरा कोणता, हे पोरं मला विचारतात. काय सांगू?

साहेब, जिल्ह्यात खरी सत्ता अध्यक्षाकडे नसते. ती निवड चाचणीच्या वहीत असते. आमच्या एका पोराला चाचणीचा निरोप आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आला. पहाटेच्या एसटीनं पोहोचलो तर वजनं होऊन गेली होती. काट्यापाशी वही, त्यात नावं पेन्सिलीनं लिहिलेली. आक्षेपाचा अर्ज द्यायचा कुणाकडे, तर ज्यानं वही लिहिली त्याच्याकडेच. पोरगं घरी येईपर्यंत एक शब्द बोललं नाही. नंतर त्या संघटनेचा अध्यक्ष बदलला. वही त्याच माणसाकडे आहे.

हे दुखणं जुनंच आहे. आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनाही 1952 च्या हेलसिंकीसाठी निवडीत डावललं, तेव्हा पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागावी लागली होती. पुन्हा लढत झाली म्हणून ते गेले आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. आज दाद मागायला महाराज नाहीत. तुम्ही आहात.

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा 2025 मध्ये आला, राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडूंना जागा मिळाली. चांगलं झालं. पण आमचा मल्ल अडतो तो जिल्ह्यात, आणि तिथं तुमच्या हातात पुष्कळ आहे. अनुदान तुमचं. सरकारी नोकरीतल्या 5 टक्के आरक्षणासाठी खेळाडूचं प्रमाणपत्र पडताळतं तुमचंच खातं. मग अट घाला की मतदारयादी आणि ताळेबंद संकेतस्थळावर नसेल त्या संघटनेला अनुदान नाही. चाचणीची तारीख पंधरा दिवस आधी जाहीर व्हावी, वजन आणि लढतींचं चित्रीकरण व्हावं, आक्षेप जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे जावा. राज्य पातळीवर खेळलेल्यांना जिल्हा संघटनेत मत मिळावं, त्यात मुलीही हव्यात. दोन गटांच्या भांडणात धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, म्हणजे नव्या पदाधिकाऱ्यांच्या नोंदीचे अर्ज, वर्षानुवर्षं पडून राहतात, त्यांच्या निकालाला मुदत घालून घ्या. तोवर चाचण्या तुमच्या खात्यानं घ्याव्यात.

पुढच्या हंगामाच्या चाचण्या लागायच्या आत तसा आदेश काढावा, ही विनंती.

आपला,
तालमीतला एक वस्ताद
ता. कराड, जि. सातारा