सहृदय मालकाला खरे कोण सांगणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उद्योजकांच्या मेळाव्यांत अलीकडे सहृदय नेतृत्वावर बरेच बोलले जाते, याचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, २६ वर्षे सुपरवायझर म्हणून काम केल्यावर एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. तापट मालकाच्या चुकांची चर्चा निदान चहाच्या टपरीवर तरी होते. प्रेमळ मालकाच्या चुका कोणी तोंडातून काढतही नाही.

आमचे मालक असेच होते. कोरोनाच्या टाळेबंदीत त्यांनी कोणाचाही पगार कापला नाही. एका मोल्डरच्या, म्हणजे वाळूचे साचे भरणाऱ्या कामगाराच्या, घरी मोठे आजारपण होते, म्हणून त्याला ते लागेल तेव्हा सुट्टी देत. निर्णय माणुसकीचाच होता; पण त्याच्या वाट्याचे साचे वर्षभर इतर दोघांनाच भरावे लागले. ‘एवढ्या देवमाणसाला हे सांगायचे कसे?’ म्हणत ते गप्प राहिले आणि अखेर दुसऱ्या फाउंड्रीत निघून गेले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटे नाही. हे सारे माझ्या डोळ्यांदेखत घडत असताना मीही बोललो नाही, याची खंत आजही आहे.

मालकांनाही तीच भीड होती. साच्याच्या वाळूत ओलावा जास्त राहिला की कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, वायूची पोकळी राहू शकते आणि ती अनेकदा ग्राहकाकडे मशिनिंग करतानाच उघडी पडते. असा माल परत आला की मालक तो साचा भरणाऱ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून ‘असू दे, होतं असं’ एवढेच म्हणत. त्याला धीर मिळाला. पण वाळू मुठीत दाबून, तो गोळा मोडून ओलावा कसा जोखायचा, हे कोणी दाखवले नाही, आणि पुढच्याच महिन्यात तोच दोष पुन्हा आला. शेजारी उभे राहून ते दाखवणे हीसुद्धा मायाच होती.

ते दोघे सोडून गेल्यावर मालकांनी दर शनिवारी सगळ्यांना एकत्र बसवायला सुरुवात केली. ‘काही अडचण आहे का?’ याला ‘नाही, साहेब’ हे उत्तर ठरलेलेच असते, म्हणून ते विचारू लागले, ‘या आठवड्यात माझ्या कोणत्या निर्णयामुळे तुमचं काम अडलं?’ दोन शनिवार कोणीच बोलले नाही. तिसऱ्या शनिवारी एका वयस्कर मोल्डरने सांगितले की, भट्टीची वेळ बदलल्यापासून ओतकाम नेमके जेवणाच्या सुट्टीत येते. मालकांनी खुलासा केला नाही, वहीत लिहून घेतले आणि सोमवारी वेळ बदलली. तेव्हापासून लोक बोलू लागले.

टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कामगार दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो आणि अडचण वेळेत सुटली नाही तर लाइन थांबते. तिथे दोष दाखवणे हा कामाचाच भाग असतो. आपल्याकडे औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींच्या कार्यसमितीची तरतूद होती, पण ती शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी. जिथे मालक प्रत्येकाला नावाने ओळखतो आणि म्हणूनच भीड सर्वांत जास्त असते, ते लहान कारखाने त्याबाहेरच राहिले.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील उद्योजकांच्या संघटनांना माझी विनंती आहे की, त्यांनी आपल्या प्रशिक्षणात फोरमनला माणूस न दुखावता दोष दाखवण्याचा आणि मालकाला मध्येच न तोडता ऐकून घेण्याचा सराव द्यावा. सुरुवात लहान कारखान्यांपासून करावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फाउंड्री सुपरवायझर, कोल्हापूर