‘वडील’ म्हणजे वडिलांच्या पत्नी नव्हेत

माननीय संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पाचव्या पानावर माझ्या आईच्या निधनाची बातमी आपण छायाचित्रासह छापली, याबद्दल आमच्या कुटुंबाच्या वतीने मनापासून आभार मानतो. आभाराचा भाग येथे संपला.

आम्ही पाठवलेल्या मजकुरात स्वच्छ अक्षरांत लिहिले होते की, ‘त्या २१ वर्षे मंडळीच्या वडील होत्या.’ (मंडळी म्हणजे चर्चच्या सभासदांचा समुदाय.) छापून आले ते असे : ‘त्या चर्चच्या वडिलांच्या पत्नी होत्या.’ बाई आणि वडील हे दोन शब्द एका वाक्यात पाहून आपल्या कार्यालयात कोणाला तरी ते खटकले असणार आणि त्यांनी आम्हाला न विचारता ते दुरुस्त करून टाकले असणार. माझे वडील, ज्यांना आम्ही घरी दादा म्हणत असू, ते आयुष्यात मंडळीच्या कोणत्याही पदावर नव्हते. ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत आणि उपदेश लांबला की मनगटावरच्या घड्याळाला चावी देत. मृत्यूनंतर इतक्या वर्षांनी आपल्याला हे पद मिळाल्याचे वाचून सर्वांत जास्त हसले असते ते तेच.

आमच्याकडे ‘वडील’ हा वयाचा मान नाही, ते एक पद आहे. मूळ ग्रीक शब्द ‘प्रेस्बुतेरॉस’. प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे नाव त्यावरूनच आले, आणि मराठी पवित्र शास्त्रात त्यासाठी ‘वडील’ हाच शब्द आहे. वडिलांना मंडळी निवडते, आणि पाळकांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, जोडीने कारभार पाहणे, आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करणे, दोन घरांतली भांडणे मिटवणे व प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीच्या) वेळी भाकर आणि प्याला बाकाबाकाशी नेणे ही कामे त्यांच्याकडे असतात.

आईची निवड १९८४ साली झाली, त्या सभेत एका वयोवृद्ध सभासदांनी विचारले होते, “बाईला वडील म्हणायचे, तर मग आई कोणाला म्हणायचे?” सभा हसली, आई हसली नाही. ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळीच्या मिशनऱ्यांनी मिरज-कोल्हापूर भागात काम उभे केले, तिनेच १९३० मध्ये स्त्रियांना हे पद खुले केले होते आणि स्कॉटलंडच्या मंडळीनेही १९६६ मध्ये तेच केले होते, असे पाळकांनी सांगून पाहिले, पण त्या गृहस्थांचे समाधान झाले नाही. पहिल्याच प्रभुभोजनाला आई भाकरीचे ताट घेऊन त्यांच्या बाकाशी गेली, तेव्हा ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले आणि ताट तसेच पुढे गेले. पुढच्या महिन्यापासून ते डावीकडच्या रांगेत बसू लागले, कारण तिकडे दुसरे वडील ताट नेत. मृत्यूपर्यंत, म्हणजे अकरा वर्षे, त्यांनी ती जागा सोडली नाही. त्यांच्या शेवटच्या आजारपणात आई दर आठवड्याला त्यांच्या घरी जाई. तिने वाचलेले स्तोत्र ते ऐकत, मात्र भाकर द्यायला ती आपणहून दुसऱ्या वडिलांना बरोबर नेई. मी चिडून बोललो, तेव्हा “त्यांची भाकर अडायला नको, ताट कोणीही धरेल,” एवढेच ती म्हणाली. मला तो राग अजूनही आहे, हे कबूल करतो. तरीही एक गोष्ट त्या गृहस्थांच्या बाजूने सांगितली पाहिजे. आई मंडळीची वडील आहे हे त्यांना पक्के कळले होते, म्हणूनच ते जागा बदलून बसले. आपल्या दैनिकाने तेवढेही शिल्लक ठेवले नाही.

ती परिचारिका होती. शनिवारची रात्रपाळी संपवून ती घरी येई, आम्हा चार भावंडांना तेल लावून, भांग पाडून रविवारच्या शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, बसवी आणि स्वतः उपासनेला उभी राही. आमचे बायबलचे वाचन तिच्याच आवाजात सुरू झाले. प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच्या विश्वासाचा उगम सांगताना आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतली आहेत. बापाचे नाव तेथे नाही. पौलाचे ते पत्र सुदैवाने आपल्या कार्यालयातून गेले नव्हते, नाहीतर युनीकेलाही कोणाची तरी पत्नी व्हावे लागले असते.

विषय निघालाच आहे तर त्याच बातमीतील आणखी एका वाक्याबद्दल लिहितो. ‘ख्रिश्चन असूनही त्यांचे मराठी शुद्ध होते,’ असे आपण छापले आहे. हे कौतुक असेल, तर ते परत घ्यावे. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती मराठी नियतकालिक १८४२ साली अहमदनगरहून निघाले, लक्ष्मीबाई टिळकांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, आणि आपल्या रविवारच्या पुरवणीत त्यांच्या गद्याची थोरवी मी स्वतः वाचली आहे. तेथे ‘असूनही’ नव्हते. आईचे मराठी शुद्ध होते की नाही हे मला ठाऊक नाही. सुगीच्या उपासनेनंतर चर्चच्या अंगणात धान्य-भाजीचा लिलाव होई, आणि दहा रुपयांचा भोपळा ती ज्या भाषेत दोनशेला खपवी, ती मिरजेच्या बाजारातली होती. शिवाय, आपण छापले तसे नसून दफनविधी पाळकांनी केला, ‘फादर’नी नव्हे, आणि त्या दिवशी ‘मिस्सा’ हा कॅथलिक विधी झाला नाही, उपासना झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो कॅथलिक धर्मगुरू होते, त्यांना फादर म्हणणे योग्यच होते. आमचे पाळक विवाहित असून बातमीच्या दिवसापासून त्यांची मुले त्यांना घरी त्याच नावाने हाक मारून हैराण करीत आहेत.

येत्या शनिवारी आईच्या स्मरणार्थ उपासना आहे आणि बातमीचे कात्रण चर्चच्या फळ्यावर लावायची आमच्याकडे रीत आहे. सध्या तेथे असलेल्या कात्रणावर कोणीतरी लाल शाईने ‘च्या पत्नी’ ही अक्षरे खोडून ठेवली आहेत. शुक्रवारच्या अंकात, त्याच पानावर आणि त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्ती यावी, ही विनंती. आणि ती छापताना ‘मंडळीच्या वडील’ हे दोन शब्द कृपया कोणालाही सुधारू देऊ नयेत.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज