‘कुठे अडते?’ असे विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

घरी मदत मिळावी म्हणून काउन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, गरजांच्या मूल्यमापनाचा फॉर्म भरताना मला साथ द्यायला गेल्या हिवाळ्यात तुम्ही चार दुपारी आमच्या घरी आलात, त्याबद्दल नीट आभार मानायचे राहूनच गेले. पार्किन्सनमुळे माझे अक्षर आता मुंगीएवढे झाले आहे, म्हणून हे पत्र मुलाकडून टाइप करून घेत आहे. ते चारचौघांनीही वाचावे अशी इच्छा आहे, कारण इंग्लंडमधील आपल्या कितीतरी घरांत हाच फॉर्म टेबलावर तसाच पडून असेल.

हे मूल्यमापन काउन्सिलच्या सोशल वर्करने करावे, की तिच्या मदतीने मी स्वतः करावे, असे काउन्सिलने मला विचारले होते. २०१४च्या केअर अ‍ॅक्टखालील नियमांप्रमाणे, स्वतःचे मूल्यमापन करण्याइतकी समज शाबूत असलेल्या माणसाला हा पर्याय द्यावाच लागतो, हे मला तुमच्याकडून कळले. मी तोऱ्यात ‘स्वतः’ म्हटले आणि पहिल्याच संध्याकाळी सगळ्या रकान्यांत ‘जमते’ असे लिहून मोकळा झालो. आंघोळ जमते, कपडे जमतात, जेवण जमते. जन्मभर नोकरी करून कर भरलेल्या माणसाला ‘गरज’ या शब्दाची लाज वाटते. त्याच्या शेजारीच ‘गरजू’ उभा असतो.

तुम्ही त्यातले एक अक्षरही खोडले नाहीत. ‘काका, गरज राहू द्या, दिवसभरात कुठे अडते तेवढे सांगा,’ एवढेच म्हणालात आणि जेवणापासून सुरुवात केलीत. पोळीचा तुकडा कोण मोडते, या तुमच्या प्रश्नावर मी गप्प झालो, कारण दोन वर्षांपासून तो सौ. मोडून ताटात ठेवत होती आणि त्याला मदत म्हणतात हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. सदऱ्याची बटणे मी लावतो हे खरे. पण गोळीचा अंमल उतरलेला असला तर त्याला अर्धा तास लागतो. एखादे काम मदतीशिवाय होत असले, तरी त्याला फारच वेळ लागत असेल, ते करताना खूप वेदना किंवा घालमेल होत असेल किंवा त्यात जिवाला धोका असेल, तर कायद्याच्या लेखी ते ‘जमत नाही’ असेच धरले जाते, हे तुम्ही समजावून सांगितलेत. बरे दिवस आणि वाईट दिवस दोन्ही मोजायचे असतात म्हणून एक वही आणून दिलीत. तीन आठवडे मी तीत वेळा मांडल्या. एरवी सोशल वर्कर आली, की मी नेमका इस्त्रीचे कपडे घालून ताठ बसलो असतो!

पात्रता ठरवताना रोजच्या जगण्यातल्या ज्या दहा बाबी पाहतात, त्यांत नातीगोती आणि गावातील वावर यांचाही समावेश आहे, याचे मला फार नवल वाटले. हातातला चहा हिंदकळतो म्हणून मी मंडळाच्या कार्यक्रमांना जाणे बंद केले होते आणि घरी मात्र ‘आता कंटाळा येतो’ असे सांगत होतो. तुमच्यासमोर ते प्रथमच खरे बोललो. दहांपैकी किमान दोन बाबी आजारपणामुळे जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर माणूस मदतीस पात्र ठरतो. माझ्या वहीत पाच निघाल्या.

सौ.शी तुम्ही स्वयंपाकघरात वेगळे बोललात, त्याचे मोल मला उशिरा कळले. ‘मी आहे ना, मग काउन्सिल कशाला?’ हे तिचे पालुपद होते. घरचे माणूस करते म्हणून रुग्णाची अडचण कमी धरायची नसते, आणि करणाऱ्या माणसाचेही स्वतंत्र मूल्यमापन होऊ शकते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आमच्या शिलकीचा प्रश्नही तुम्हीच सोडवलात. २३,२५० पौंडांहून अधिक शिल्लक असल्यास सेवेचा खर्च आपणच करायचा असतो. पण मूल्यमापन त्यामुळे नाकारता येत नाही.

निर्णय अर्थातच काउन्सिलचा होता. त्यांच्या सोशल वर्करने घरी येऊन प्रत्येक उत्तर पडताळले. परंतु ती प्रश्न विचारत असताना मी वहीकडे पाहून, न संकोचता उत्तरे देत होतो. फॉर्मवर तुमच्या हातचा एकही शब्द नाही, आणि मी ऋणी आहे तो याचसाठी. सगळा फॉर्म तुम्हीच भरून दिला असतात, तर तो तासाभरात झाला असता आणि माझा राहिला नसता.

आता रोज सकाळी आंघोळीला आणि कपड्यांना मदतनीस येतो, न्हाणीघरात धरायला दांडे बसले आहेत. सौ.ने तिचे भजन पुन्हा सुरू केले आहे. तुम्ही जेवायला यावे असा तिचा आग्रह आहे. फक्त मंगळवार सोडून या, त्या दिवशी ती घरी नसते.

आपला,
तुमचा ‘जमते’वाला काका