‘छोटी सी बात’मधली गाणी कापू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बासू चॅटर्जी दिग्दर्शित ‘छोटी सी बात’ हा १९७६ साली प्रदर्शित झालेला हिंदी चित्रपट दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर अजूनही अधूनमधून दाखवला जातो, आणि ज्यांनी तो प्रदर्शनाच्या वेळी चित्रपटगृहात पाहिला ते प्रेक्षक व ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ते प्रेक्षक, दोघेही तो तितक्याच आवडीने पाहतात. मात्र एका वाहिनीने नुकताच हा चित्रपट दाखवला तेव्हा लता मंगेशकर यांनी गायलेले ‘न जाने क्यूं’ हे गाणे त्यातून संपूर्ण गाळलेले होते आणि मुकेश यांचे ‘ये दिन क्या आए’ पहिल्या कडव्याच्या आसपासच तोडलेले होते. जाहिराती तेवढ्या अखंड होत्या. गाणी गाळण्याची ही रीत आता इतकी रुळली आहे की तिच्याविरुद्ध कोणी तक्रार करत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गाणी कापण्यामागचा विचार उघड आहे. हिंदी चित्रपटातले गाणे म्हणजे कथेला दिलेली विश्रांती, ते काढले तरी कथेचा धागा तुटत नाही, असे संकलनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाने गृहीत धरलेले असते. काही चित्रपटांपुरते ते खरेही असेल. ‘छोटी सी बात’पुरते ते अजिबात खरे नाही. सुमारे दोन तासांच्या या चित्रपटात गाणी अवघी तीन आहेत आणि तिन्ही मिळून पाव तासही व्यापत नाहीत. जो दिग्दर्शक इतक्या हात राखून गाणी वापरतो, तो त्यांतले प्रत्येक गाणे काहीतरी सांगण्यासाठीच वापरतो. बासूदा चित्रपटांकडे वळण्याआधी अनेक वर्षे ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रे काढत होते. अनावश्यक रेघ न काढण्याची ती शिस्त त्यांच्या पटकथांतही दिसते.

या चित्रपटाचा नायक अरुण हा मुंबईतल्या एका कंपनीत नोकरी करणारा, अतिशय भिडस्त तरुण आहे. बेस्टच्या बसथांब्यावर रोज दिसणारी प्रभा त्याला आवडते, पण तिच्याशी दोन वाक्ये बोलायची म्हटली तरी त्याची जीभ अडखळते. त्याच वेळी प्रभाच्याच कार्यालयातला नागेश आपल्या स्कूटरवरून येतो, सफाईने बोलतो आणि अरुणला प्रत्येक ठिकाणी मागे टाकतो. शेवटी अरुण खंडाळ्याला कर्नल ज्युलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग यांच्याकडे जातो आणि लोकांवर छाप कशी पाडावी याचे धडे घेऊन परततो. अमोल पालेकर, विद्या सिन्हा, असरानी आणि अशोककुमार या चौघांनी या भूमिका अशा केल्या आहेत की त्यांच्या जागी दुसरे कोणी सुचत नाही. मूळ कल्पना १९६० सालच्या एका ब्रिटिश विनोदी चित्रपटावरून घेतलेली असली, तरी बसथांबा, कार्यालयातली जेवणाची सुट्टी, जहांगीर कलादालनातले समोवार उपाहारगृह आणि सगळ्या पात्रांच्या बोलण्याची ढब यांमुळे ती पुरती मुंबईची झाली आहे. ते समोवार २०१५ मध्ये बंद झाले. चित्रपटात ते अजून भरलेले दिसते.

आता या कथेत गाण्यांची योजना कशी केली आहे ते पाहावे. ज्याला बोलता येत नाही असा नायक रस्त्यात उभा राहून मोठ्याने गाऊ लागला असता, तर त्याच्या भिडस्तपणावर कोणाचाच विश्वास बसला नसता. म्हणून अरुण आणि प्रभा प्रत्यक्षात कधीही ओठ हलवून गात नाहीत. ‘न जाने क्यूं’ आणि ‘ये दिन क्या आए’ ही दोन्ही गाणी पार्श्वभूमीवर वाजतात आणि पडद्यावर माणसे नेहमीसारखी चालत, थांबत, बसची वाट पाहत असतात. त्यांच्या मनात जे चालले आहे पण तोंडातून निघत नाही, ते गाणे बोलते. तिसरे गाणे ‘जानेमन जानेमन’ हे येसुदास आणि आशा भोसले यांचे द्वंद्वगीत. ते चित्रपटातल्या चित्रपटात येते, तेथे धर्मेंद्र आणि हेमामालिनी खऱ्याखुऱ्या हिंदी नायक-नायिकेप्रमाणे गात-नाचत असतात आणि अरुण त्यांच्या जागी स्वतःला आणि प्रभाला पाहू लागतो. म्हणजे तोंडाने गाण्याची मुभा या चित्रपटात फक्त ताऱ्यांना आणि स्वप्नांना आहे. सामान्य माणसाचे गाणे मात्र त्याच्या आतच राहते. गाण्यांच्या या दोन तऱ्हा दिग्दर्शकाने जाणूनबुजून वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि एक तऱ्हा कापून दुसरी दाखवली की सगळी मांडणीच लंगडी पडते.

सर्वांत मोठे नुकसान ‘न जाने क्यूं’ गाळल्याने होते, आणि त्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

हे गाणे येते तेव्हा अरुण मुंबईत नसतो. तो खंडाळ्याला गेला आहे आणि प्रभाला तो कुठे आहे ते ठाऊक नाही. तोपर्यंत तिला त्याच्या मागे मागे येण्याची थोडी गंमत वाटत असते, मैत्रिणींशी त्याविषयी बोलताना ती हसतही असते. आता तीच वाट आहे, रोजचाच प्रवास आहे, फक्त सोबत चालणारा माणूस नाही, आणि त्याची आठवण मोठ्या प्रसंगांनी न येता अगदी लहानसहान गोष्टींनी येते, असे योगेश यांनी या गाण्यात लिहिले आहे. चित्रपटाचे शीर्षकही याच गाण्याच्या मुखड्यातून येते. विरहाचे गाणे असूनही सलील चौधरी यांनी त्याची चाल रडवी होऊ दिलेली नाही. शब्दांचे लहान लहान तुकडे, मध्येच घेतलेला थांबा आणि लताबाईंचा किंचित गोंधळलेला, स्वतःलाच प्रश्न विचारणारा स्वर, एवढ्यावर हे गाणे उभे आहे. आपल्याला काय होत आहे ते प्रभाला स्वतःलाच नीट कळलेले नाही, आणि ते तिच्याआधी आपल्याला कळते ते या चालीमुळे. विद्या सिन्हा यांनी या प्रसंगात जवळजवळ काहीही ‘केलेले’ नाही. त्या फक्त चालतात आणि पाहतात. गाण्यावर आणि अभिनेत्रीवर एवढा भरवसा टाकणारा दिग्दर्शक विरळा.

आता हे गाणे काढून टाकल्यावर चित्रपट काय सांगतो? प्रभा आधी अरुणला हसत होती, मग तो खंडाळ्याहून युक्त्या शिकून आला, त्याने नागेशला खेळात आणि बोलण्यात हरवले आणि म्हणून ती त्याच्यावर भाळली, एवढेच. म्हणजे स्त्रीला जिंकण्याच्या क्लृप्त्या असतात आणि त्या आल्या की ती जिंकता येते, असा अर्थ त्यातून निघतो. गाणे जागेवर असेल तर अर्थ बरोबर उलट होतो. प्रभाला ज्याची आठवण येते तो कर्नलसाहेबांच्या धड्यांआधीचा, अडखळणारा, घाबरणारा अरुण आहे. त्याला धड्यांची गरज तिच्यासाठी नव्हती, स्वतःची भीती जाण्यासाठी होती. तिचा कौल तो मुंबईत नसताना, त्याला काहीच ठाऊक नसताना पडलेला आहे आणि त्याचा संपूर्ण पुरावा चित्रपटात कोणत्याही संवादात नाही, तो या एका गाण्यात आहे.

आजचे तरुण प्रेक्षक या चित्रपटावर एक आक्षेप घेतात, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. रोज एखाद्या मुलीच्या मागे मागे बसने जाणे आणि ती कार्यालयात शिरेपर्यंत तिच्यावर नजर ठेवणे यात गोड काय आहे, असे ते विचारतात. असे वागणे अनुकरणीय नाही, हे मलाही मान्य आहे, आणि चित्रपट जुना आहे एवढ्या सबबीवर तो प्रश्न टाळता येणार नाही. परंतु त्या प्रश्नाला चित्रपटाकडे जे काही उत्तर आहे, ते प्रभाच्या मनाची बाजू मांडणाऱ्या याच गाण्यात आहे. अरुणच्या बाजूने आपण कितीतरी वेळ सगळे पाहत असतो. येथे प्रथमच काही मिनिटे शहर, रस्ता आणि बसथांबा प्रभाच्या नजरेतून दिसतो. नेमकी तीच मिनिटे कापून उरलेला चित्रपट नव्या पिढीला दाखवायचा आणि मग त्या पिढीला तो खटकला तर तिला विनोद कळत नाही असे म्हणायचे, हा त्या पिढीवरही अन्याय आहे आणि चित्रपटावरही.

‘ये दिन क्या आए’बद्दल थोडेच लिहितो. मुकेश यांचा आवाज आपण दुःखाच्या गाण्यांशी इतका जोडून टाकला आहे, की त्यांच्याकडून आनंदाचे, चालता चालता मनात उमलणारे असे गाणे गाऊन घेण्याची कल्पना सलीलदांना सुचली याचेच कौतुक वाटते. याच संगीतकार-गीतकारांच्या ‘रजनीगंधा’ या १९७४ सालच्या चित्रपटातल्या ‘कई बार यूं भी देखा है’ या गाण्यासाठी मुकेश यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. ‘छोटी सी बात’ प्रदर्शित झाला त्याच वर्षी, ऑगस्ट महिन्यात, ते गेले. त्यांच्या अखेरच्या काळातले असे प्रसन्न गाणे एका कडव्यावर तोडताना संबंधितांचा हात जरा तरी थांबायला हवा होता.

गाणी पार्श्वभूमीवर ठेवण्याची ही पद्धत बासूदांनी एकदाच वापरली असेही नाही. मन्नू भंडारी यांच्या कथेवर बेतलेल्या ‘रजनीगंधा’तही तिचा सुंदर उपयोग आहे, आणि १९७९ सालच्या ‘मंझिल’मध्ये ‘रिमझिम गिरे सावन’ हे लताबाईंच्या आवाजातले गाणे अमिताभ बच्चन आणि मौसमी चॅटर्जी मुंबईच्या खऱ्या पावसात भिजत चालतात तेव्हा मागे वाजते. या तिन्ही चित्रपटांची गाणी योगेश यांची आहेत. ‘आनंद’मधले ‘कहीं दूर जब दिन ढल जाए’ही त्यांचेच. तरीही जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत गायकांचा आणि संगीतकारांचा गौरव होतो आणि योगेश यांचे नाव घ्यायचे बहुधा राहून जाते. आकाशवाणीवर गाण्याआधी चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार ही सगळी नावे सांगण्याची पद्धत होती आणि त्या पद्धतीने आमच्या पिढीला गीतकार ओळखायला शिकवले. मे २०२० च्या अखेरीस योगेश गेले आणि अवघ्या काही दिवसांत, ४ जून रोजी, बासूदाही गेले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत दोघांनाही सार्वजनिक निरोप मिळाला नाही. आज निदान त्यांचे काम तरी अखंड दाखवले जावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

वाहिन्यांना वेळेचे गणित सांभाळावे लागते आणि जाहिरातींवाचून त्यांचे चालत नाही, याची मला जाणीव आहे. जाहिराती दाखवू नका असे माझे म्हणणे नाही. चित्रपटासाठी राखलेला वेळ पंधरा मिनिटांनी वाढवणे अशक्य नाही, विशेषतः दुपारच्या किंवा रात्री उशिराच्या वेळांत. ते जमत नसेल तर निदान आरंभी पडद्यावर ‘ही संक्षिप्त आवृत्ती आहे’ अशी स्पष्ट सूचना द्यावी, म्हणजे पहिल्यांदाच चित्रपट पाहणाऱ्याला आपण काय पाहत आहोत ते कळेल. श्रेयनामावली पूर्ण दाखवावी. छायालेखक के. के. महाजन यांच्यासारख्या तंत्रज्ञांची नावे सामान्य प्रेक्षकाला कळण्याचा तेवढाच एक मार्ग आहे, आणि सध्या तीही अर्ध्यावर तोडली जाते.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. दूरचित्रवाणीवरच्या चित्रपटांची माहिती छापताना कलाकार आणि दिग्दर्शक यांच्यासोबत संगीतकार व गीतकार यांची नावे द्यावीत, आणि एखादी वाहिनी जुना चित्रपट गाणी गाळून दाखवत असल्याचे वाचकांनी कळवले, तर त्याची नोंद घ्यावी. चित्रपट मंडळांनीही ‘छोटी सी बात’ संपूर्ण स्वरूपात, मोठ्या पडद्यावर दाखवण्याचा विचार करावा. अशा प्रयोगानंतर तरुण प्रेक्षकांशी वर उल्लेखिलेल्या आक्षेपावर मोकळी चर्चा झाली, तर मी तिला आनंदाने हजर राहीन.

आपला,
एक नियमित वाचक