सातबारा नसलेल्यांचं कोण ऐकणार?

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या कोकण किनाऱ्यावर एखादा वीज प्रकल्प यायचा म्हटलं की लगेच चर्चा सुरू होते ती हेक्टरी भाव काय मिळणार याची. भाव मिळावाच, पण तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतो, आणि त्यातले अर्धे तर मुंबईला असतात. बाकीच्यांचं काय? जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरीलवाडा इथली ९३८ हेक्टर जमीन घेतली, त्यात साखरी नाट्याच्या मच्छीमारांची जमीन नव्हती तरी ते रस्त्यावर उतरले, कारण एकूण ९९०० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या थंड करून गरम झालेलं पाणी समुद्रात सोडायचं म्हणजे मासा तिथे राहील का आणि सुरक्षेच्या नावाखाली होड्या अडवल्या तर जाळं टाकायचं कुठे, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात पाण्यावर पोट असलेले मच्छीमार, होडीवाले हे पण बाधित कुटुंबात धरलेत. कागदावर आहे हो सगळं! पण खाडीत चिखलात उतरून कालवं, मुळे असे शिंपले काढणाऱ्या बायका, मासे विकणाऱ्या बायका, बागेत राखणीला राहिलेले नेपाळी कामगार, यांची यादी करायला कोणी येतं का?

सड्याचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराचं पण तेच, कागदावर पडीक म्हणून तो पहिला डोळ्यात भरतो. पण पावसाचं पाणी त्याच जांभ्यातून मुरून खालच्या वाडीच्या विहिरींना येतं, गुरं तिथेच चरतात, आणि बारसूच्या सड्यावर तर कातळशिल्पं आहेत जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. याला पडीक कसं म्हणायचं?

सगळ्यात मोठी चूक मला वाटते ती क्रमाची. पर्यावरणावरच्या परिणामांच्या मूल्यांकनाची जी २००६ ची अधिसूचना आहे, तिच्याप्रमाणे जनसुनावणी होते, ३० दिवस आधी नोटीस, अहवालाचा मराठीत सारांश, सगळं ठीक, पण तोवर जागा ठरलेली असते मग लोकांनी बोलून बदलणार काय? म्हणून माझी मागणी एवढीच की जागा पक्की करायच्या आधी, दोन-तीन पर्यायी जागा लोकांपुढे ठेवून, प्रत्येक ठिकाणी सातबारा नसलेल्या माणसांची वाडीवार यादी करा आणि ती ग्रामपंचायतीत लावा. आणि सुनावणी मासेमारीच्या ऐन हंगामात नको, लावणी उरकली आणि होड्या अजून पावसाळ्यासाठी झाकून शाकारलेल्या असतील तेव्हा, बंदरावरच घ्या.

आपला,
एक वाचक, ता. राजापूर