सीबीसी नॉर्मल असताना पुन्हा मॅरो कशासाठी?

नाशिक,
दि. ९ डिसेंबर

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ल्युकेमियावर (रक्ताच्या कर्करोगावर) मंगलने दिलेल्या पेशींचे प्रत्यारोपण झाले, आता सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सारे ठीक असताना डॉक्टर पुन्हा मॅरो (हाडातली मज्जा) का काढायला सांगतात, आणि आजार उलटणार की नाही हे आधी कळते का, असे तू विचारले आहेस. तुला नुसता धीर देऊन वाटेला लावणे मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सीबीसी बिघडते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली मॅरोत ५ टक्क्यांहून कमी ब्लास्ट (अपक्व पेशी) दिसले आणि रक्ताचे आकडे सावरले की आम्ही रेमिशन, म्हणजे आजार आटोक्यात, म्हणतो. पण तेवढ्यातही रोगट पेशी मोठ्या संख्येने दडून राहू शकतात. फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींवरच्या खुणा लेसरने तपासून, साधारण दहा हजारांत एक अशी पेशी ओळखता येते. तुझ्या एएमएल प्रकारच्या ल्युकेमियात एनपीएम१ जनुकातला बदल सापडला होता. प्रौढ रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांत तो असतो आणि निरोगी पेशींत नसतो, म्हणून पीसीआरने त्याचा माग लाखात एका पेशीपर्यंत काढता येतो. द्राक्षबागेत डावणी रोगाचा तेलकट डाग पानावर उमटायची वाट तू कधी पाहिली नाहीस. इथेही तेच आहे.

कायमेरिझमची तपासणी वेगळी. तुझ्या रक्तात मंगलच्या पेशी किती आणि तुझ्या स्वतःच्या किती, हे डीएनएच्या खुणांवरून मोजतात. तुझा वाटा तपासणीगणिक वाढू लागला तर सावध व्हायचे. मात्र मंगलचा वाटा ९७ टक्के वाचून रात्र जागवू नकोस. टी-पेशींत (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तुझा थोडा वाटा काही काळ उरू शकतो आणि तो ल्युकेमियाच असतो असे नाही. उलट शंभर टक्के आले तरी एमआरडी, म्हणजे दडून उरलेल्या आजाराची तपासणी, टाळू नये, कारण नेहमीच्या पद्धतीत एक ते पाच टक्क्यांखालचे सहसा दिसत नाही.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. सुई कमरेच्या हाडात गेल्यावर पहिल्या ओढीचा मॅरो एमआरडीसाठी राखून ठेवावा, असे डॉक्टरांना आधीच नम्रपणे विचार. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीत रक्त मिसळत जाते, रोगट पेशी विरळ होतात आणि रिपोर्टवर छापलेल्या ‘निगेटिव्ह’ला फारसा अर्थ उरत नाही. फ्लोसाठी पेशी ताज्या लागतात, म्हणून इथून कुरियरने नमुना धाडण्यापेक्षा पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन तिथेच दिलेला बरा. शिवाय दर वेळी लॅब तीच ठेव, म्हणजे आकड्यांची तुलना करता येईल.

भाकिताविषयी. प्रत्यारोपणापूर्वी एमआरडी शिल्लक असणे आणि प्रतिकूल जनुकीय बदल असणे, यांनी धोका वाढतो. पण ते आकडे अनेक रुग्णांच्या अनुभवातून आलेले असतात, त्यावरून एकट्या अविनाशचे काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. तुझे स्वतःचे लागोपाठचे रिपोर्ट त्याहून अधिक सांगतात. आजार उलटलाच तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून त्या काळात साधारण दर तीन महिन्यांनी मॅरो. एनपीएम१चा आकडा दहापट वाढला तर आधी पुन्हा तपासून खात्री करतात. मग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे उतरवणे, अझासिटिडीन हे औषध देणे किंवा मंगलच्या लिंफोसाइट (पांढऱ्या) पेशी चढवणे, असे उपाय हाती असतात. हा शेवटचा उपाय म्युनिकच्या हान्स-योखेम कोल्ब यांच्या गटाने १९९० मध्ये दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियात यशस्वी झाल्याचे दाखवले. त्यात दात्याच्या पेशी तुझ्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर उलटण्याचा धोका आहे, म्हणून निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. रोगट पेशी थोड्या असताना या उपायांना वाव अधिक असतो, आणि माझा सारा आग्रह त्यासाठीच आहे.

मॅरो स्वच्छ असूनही आजार क्वचित त्वचेत किंवा मेंदूभोवतीच्या पाण्यात डोके वर काढतो. नवी गाठ आली किंवा डोकेदुखी हटेना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन कर. बागेतली माती उकरण्याचे काम सध्या गड्यांवर सोपव, बुरशीचा संसर्ग तुला आत्ता परवडणारा नाही.

रविवारी वहिनींसोबत ये, येताना जुने सारे रिपोर्ट आण. तारखेवार लावून एनपीएम१चा तक्ता आपण मिळून करू.

तुझा,
श्रीधर